सिकलची गोष्ट: लाल पेशीत वळला जाणारा दोर

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना बरंचसं ओळखीचं वाटेल, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना गाडी थोडी इकडेतिकडे गेली होती, ती तशीच ठेवली आहे.

आजची गोष्ट सुरू होते मार्कंड्यापासून. गडचिरोली जिल्हा, चामोर्शी तालुका. एरवी दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा इथे वळसा घेऊन उत्तरेकडे तोंड करते, आणि त्या वळणावर काळ्या पडलेल्या दगडी देवळांचा एक समूह उभा आहे. 'विदर्भाचं खजुराहो' म्हणतात त्याला. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७० च्या दशकात इथे येऊन गेला, त्याने अहवालात या देवळांबद्दल सविस्तर लिहिलं. महाशिवरात्रीला जत्रा भरते, चंद्रपूर-गडचिरोलीतूनच काय, पलीकडच्या तेलंगणातूनही माणसं येतात.

देवळांवर वेगळा भाग करू कधीतरी. मला हवी आहे ती त्या नावामागची कथा. मृकंडू ऋषींना मूल होत नव्हतं. शंकराने वर दिला, पण त्यात एक अट होती: गुण नसलेला दीर्घायुषी मुलगा हवा, की गुणी पण फक्त सोळा वर्षं जगणारा? त्यांनी गुणी मुलगा मागितला. तोच मार्कंडेय. सोळावं सरताना यम पाश घेऊन आला, तेव्हा पोरगं शिवलिंगाला मिठी मारून बसलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आता दुसरा एक आकडा सांगतो. १९७३ साली अमेरिकेत एका आजाराच्या रुग्णांच्या वयाचा हिशेब मांडला गेला. मध्यम आयुर्मान निघालं १४.३ वर्षं. म्हणजे निम्मी मुलं तेवढ्या वयाच्या आतच गेलेली. तो आजार मार्कंड्याच्या आसपासच्या गावांत, चामोर्शीत, एटापल्लीत, भामरागडात, नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात आजही घरोघरी ऐकू येतो. डॉक्टर त्याला सिकलसेल ॲनिमिया म्हणतात. आपल्याकडे नुसतं 'सिकल' म्हटलं तरी पुरतं. "त्याला सिकल आहे." बस्स, समोरच्याला कळतं.

हा आजार रक्ताचा, अनुवंशिक, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण पेशीच्या आत नेमकं होतं काय? गोल, मऊ पेशी अचानक विळ्यासारखी का वाकते? तिला वाकवतं कोण? हे शोधायला माणसाला पाऊण शतक लागलं. त्या शोधाचा इतिहास हा आजचा विषय, आणि त्यात शिकागो आहे, नागपूर आहे, ऑक्सफर्ड आहे आणि गडचिरोलीही आहे.

आधी पेशी समजून घेऊ, पाच मिनिटं. लाल रक्तपेशी ही एक पिशवी आहे. रुंदी साधारण ७ ते ८ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर सव्वाशे-दीडशे पेशी ओळीने बसतील. आत केंद्रक नाही, फारसं सामानसुमान नाही. आहे ते हिमोग्लोबिन, एका पेशीत जवळपास २७ ते २८ कोटी रेणू, खच्चून भरलेले. पण या पेशीचं खरं कौतुक तिच्या पटलात आहे. वरचं आवरण तेलाच्या पातळ थरासारखं, स्निग्ध पदार्थांचं. त्याला आतून अस्तर लावलंय प्रथिनांच्या जाळीचं. स्पेक्ट्रिन नावाचे लांब, लवचिक धागे आणि त्यांना गाठीगाठीवर धरून ठेवणारे ॲक्टिनचे आखूड तुकडे. मासे धरायचं जाळं डोळ्यासमोर आणा: दोरा म्हणजे स्पेक्ट्रिन, गाठ म्हणजे ॲक्टिन. या जाळीमुळेच पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून दुमडून जाते आणि पलीकडे निघाली की परत गोल होते. १२० दिवसांच्या आयुष्यात हे असं लाखो वेळा.

आता १९०४. शिकागो. ग्रेनाडा नावाच्या वेस्ट इंडिजमधल्या बेटावरून आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण दंतवैद्यक शिकत होता. विशीतला. खोकला, ताप, धाप लागणं अशा तक्रारी घेऊन तो प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. तिथल्या अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्याला लांबट, टोकदार, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. त्याने आपले वरिष्ठ जेम्स हेरिक यांना दाखवलं. हेरिकनी नोएलला पुढची काही वर्षं तपासलं आणि १९१० साली निबंध छापला. त्यात त्यांनी प्रामाणिकपणे एवढंच म्हटलं की असं रक्त आधी पाहिलेलं नाही, कारण ठाऊक नाही. नोएल शिकून ग्रेनाडाला परतला, तिथे दवाखाना टाकला, आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने गेला. वय ३२.

आजाराच्या इतिहासात डॉक्टरांची नावं ठळक अक्षरात आणि रुग्णाचं नाव कोपऱ्यात असतं. नोएलचं नाव तर कित्येक वर्षं निबंधांतून आद्याक्षरांपुरतंही नीट येत नव्हतं. म्हणून मुद्दाम पूर्ण नाव घेतलं.

पुढची मोठी पायरी १९२७ ची. हान आणि गिलेस्पी या दोघांनी दाखवलं की पेशी कायम विळ्याची नसते. ऑक्सिजन काढून घेतला की वाकते, परत दिला की गोल होते. १९३० मध्ये मॉन्ट्रिऑलला स्क्रिव्हर आणि वॉ यांनी याची झकास पडताळणी केली: रुग्णाच्या बोटाला रबरबँड बांधला, रक्त अडवलं, थोड्या वेळाने त्याच बोटातलं रक्त पाहिलं. विळे वाढलेले! एवढ्या साध्या साधनाने केलेला प्रयोग मला फार आवडतो.

मग प्रश्न उरला, ऑक्सिजन गेल्यावर पेशीत असं काय होतं? इथे येतात लायनस पॉलिंग. रसायनशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हेत. १९४५ च्या सुमारास विल्यम कॅसल या डॉक्टरांकडून त्यांनी या आजाराबद्दल ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात आलं, अरे, ऑक्सिजन धरतं ते हिमोग्लोबिन, मग दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असला तर? काम सोपवलं हार्वे इटानो या तरुणावर. इटानो जन्माने अमेरिकन, आईवडील जपानी. १९४२ मध्ये बर्कलेतून सर्वांत वरच्या क्रमांकाचं पदक मिळवलं, आणि पदवीदानाच्या वेळी हा गडी होता कुठे? दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना डांबायला उघडलेल्या छावणीत. त्याच इटानोने विजेच्या क्षेत्रात हिमोग्लोबिन धावायला लावून दाखवून दिलं की सिकल रुग्णाचं हिमोग्लोबिन वेगळ्या वेगाने धावतं. १९४९ साली 'सायन्स'मध्ये निबंध आला. शीर्षकातच त्याला 'रेणूचा आजार' म्हटलं होतं. त्याआधी एखाद्या आजाराचं मूळ एका रेणूपर्यंत असं कुणी नेलेलं नव्हतं.

१९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इनग्रॅमने आणखी खोल जाऊन पाहिलं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ मणी. त्यातला सहावा मणी बदललेला. ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन. बाकी सगळं जसंच्या तसं. एका मण्याचा फरक, मंडळी.

पण हा एक मणी एवढा घोळ कसा घालतो? व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरतं. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक खळगा मोकळा होतो, जिथे हे व्हॅलिन नेमकं जाऊन बसतं. एक रेणू दुसऱ्याला चिकटला, दुसरा तिसऱ्याला. साखळी झाली. दोन साखळ्या एकमेकींत गुंफल्या की एक जोड. असे सात जोड, म्हणजे चौदा धागे, एकाभोवती एक पीळ घालत जातात आणि तयार होतो एक दोर, जाडी सुमारे २१ नॅनोमीटर. ज्यांनी गावाकडे अंबाडीचा दोर वळताना पाहिलाय त्यांना ही आकृती लगेच दिसेल: सुट्या धाग्यांत ताकद नसते, पीळ बसला की बैल बांधता येतो. जॉन हॅरिसने १९५० मध्येच ऑक्सिजन काढलेल्या सिकल हिमोग्लोबिनच्या द्रावात टोकदार, रांगेत लागलेल्या आकृत्या पाहिल्या होत्या. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आतला दोर उघड केला.

आता यातली सगळ्यात गमतीची गोष्ट सांगतो, आणि माझ्या मते हाच या कथेचा गाभा आहे. ऑक्सिजन गेला की दोर लगेच वळला जात नाही. आधी काहीच होत नाही. थोडा वेळ शांतता. मग एकदम, धाडकन, पेशीभर दोरच दोर. १९७४ मध्ये अमेरिकेत हॉफरिक्टर, रॉस आणि ईटन यांनी हा मधला 'थांबा' मोजला. सुरुवातीला काही रेणूंची गाठ जमावी लागते, ती जमता जमता सुटते, पुन्हा जमते. एकदा का पक्की जमली की तिच्यापासून दोर लांबतो. पुढे १९८५ मध्ये फेरोन, हॉफरिक्टर आणि ईटन यांनी दाखवलं की तयार दोराच्या अंगावरच नव्या दोरांची गाठ जमते. वेलीला फाटे फुटावेत तसं. म्हणून एवढा स्फोट.

आणि हा थांबा हिमोग्लोबिनच्या दाटपणावर विलक्षण अवलंबून असतो. किती? प्रयोगशाळेत जो नियम सापडला त्यात दाटपणाचा घात तिसाच्या आसपास जातो. मोबाईलवर करून बघा: १.१ चा तिसावा घात. उत्तर येतं १७ च्या वर. म्हणजे पेशीतलं पाणी थोडं आटून हिमोग्लोबिन १० टक्के दाट झालं, की थांबा सतरा पटीने आखूड. आता मे महिन्यातलं चंद्रपूर आठवा. पारा पंचेचाळिशीच्या वर, तेंदूपत्ता तोडायला पहाटेपासून जंगलात गेलेली माणसं, डोक्यावर ऊन, बाटलीतलं पाणी संपलेलं. "सिकलवाल्याने भरपूर पाणी प्यावं" हा आशाताईंचा सल्ला साधासुधा वाटतो, पण त्याच्या पाठीशी हा तिसावा घात उभा आहे.

थांब्याचा फायदाही आहे बरं का. पेशी केशवाहिनीतून साधारण एक-दोन सेकंदांत पार होते आणि फुप्फुसाकडे परत निघते. थांबा त्याहून लांब असेल तर दोर वळायच्या आत पेशी सुटते. बहुतेक पेशी अशाच सुटतात. नाहीतर सिकलचा रुग्ण एक दिवसही जगला नसता.

ज्या सुटत नाहीत त्यांचं काय? आत दोर लांबतोय, पटलापर्यंत पोचलाय, आणि अजून लांबतोच आहे. पोत्यात काठ्या कोंबल्यावर पोतं जसं ठिकठिकाणी टोकदार होतं, तसं पटल बाहेर ढकललं जातं. दोर सगळे एकाच दिशेला लागले तर विळा, अनेक दिशांना फुटले तर काटेरी गोळा. जिथे टोक रुततं तिथे वरचा स्निग्ध थर खालच्या स्पेक्ट्रिनच्या जाळीपासून सुटतो आणि तिथून बारीक बारीक फुगे तुटून रक्तात जातात. म्हणजे पेशीचं कातडंच थोडं थोडं कमी होत जातं. ऑक्सिजन मिळाला की दोर विरघळतो, पेशी पुन्हा गोल. पुन्हा ऑक्सिजन जातो, पुन्हा काठ्या. असं कितीदा चालणार?

एका मर्यादेनंतर पेशी परत गोल होतच नाही. ऑक्सिजन भरपूर आहे, आत दोर शिल्लक नाही, तरी विळाच. हे कोडं बोस्टनमध्ये सॅम्युएल लक्स, कॅथरिन जॉन आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी १९७६ मध्ये सोडवलं. त्यांनी अशा हट्टी पेशी घेतल्या आणि त्यातलं हिमोग्लोबिन धुऊन काढलं. रिकामी पिशवी उरली, ती विळ्याच्या आकाराची! मग वरचं स्निग्ध आवरणही विरघळवून टाकलं. उरली फक्त स्पेक्ट्रिन-ॲक्टिनची जाळी. तीही विळ्याच्या आकाराची! म्हणजे दोर निघून गेला तरी जाळीने वाकडेपणा अंगात मुरवून घेतला होता. चपलेला जसा पायाचा आकार पडतो, तसा.

अशी पेशी वाहिनीत अडकते. तिच्या मागे दुसरी. हाडांना रक्त पोचत नाही आणि मग ती वेदना, जिला इंग्रजीत 'क्रायसिस' म्हणतात. लहान बाळांच्या हातापायांची बोटं सुजतात, मोठ्यांची कंबर, मांड्या, छाती. आणि १२० दिवस जगायची ती पेशी दहा-वीस दिवसांत फुटून जाते, म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे. गावात बऱ्याचदा याला कावीळ समजून झाडपाला दिला जातो, वात समजून शेकलं जातं. समजुतीचा दोष नाही काढत मी, आजार दिसतोच तसा.

चला, आता घरी येऊ. भारतात सिकल आहे हे १९५२ साली पहिल्यांदा छापून आलं, दोन वेगवेगळ्या टोकांना. निलगिरीतल्या आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांना सापडलं, आणि वरच्या आसामातल्या चहाच्या मळ्यांतल्या मजुरांमध्ये डनलॉप आणि मजुमदार यांना. विदर्भाची पाळी आली १९५८ मध्ये. नागपूरच्या आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, आणि त्याच वर्षी परांडे यांच्यासह 'ब्लड' या नियतकालिकात. त्या काळात नागपुरात बसून रक्त तपासून थेट तिथे निबंध छापणं ही मोठी गोष्ट होती. त्यानंतर पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजच्या एस. एल. काटे यांनी राज्यभर, समाजागणिक, जिल्ह्यागणिक रक्त तपासत नकाशा भरत नेला. त्यातून दिसलं की वाहकांचं प्रमाण वेगवेगळ्या आदिवासी समाजांत शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत जातं. माडिया, परधान, भिल्ल, पावरा यांच्यात २० ते ३५ टक्के. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ, नंदुरबार हे सगळ्यात जास्त भार असलेले जिल्हे.

इथे जरा थांबतो. सुरुवातीच्या पाहण्या ज्या समाजांत झाल्या, आदिवासी आणि तेव्हाचे अस्पृश्य मानले गेलेले समाज, त्यांच्या कपाळी 'हा यांचा आजार' असा शिक्का बसला. तो अजून पुसलेला नाही. लग्न जुळवताना कुजबुज होते. खरं तर हे जनुक जात बघून येत नाही, भूगोल बघून येतं. विदर्भात ते कुणबी, तेली आणि इतरही समाजांत सापडतं. आणि भूगोल का, तर मलेरिया.

या कोड्याचं पहिलं टोक पकडलं अँथनी ॲलिसनने. केनियात वाढलेला, ऑक्सफर्डला शिकलेला. त्याला दिसलं की आफ्रिकेत जिथे मलेरिया दाट तिथे सिकलचे वाहकही दाट. १९५४ मध्ये त्याने मांडलं की एक बदललेलं जनुक असलेल्या माणसाला, म्हणजे वाहकाला, जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. दोन बदललेली जनुकं म्हणजे आजार, एक म्हणजे कवच. हिशेब क्रूर आहे. शेकडो पिढ्या मलेरियाने इतकी मुलं नेली की सिकलने जाणाऱ्या मुलांची किंमत मोजूनही ते जनुक टिकलं. गडचिरोली आजही महाराष्ट्रात मलेरियाचा मोठा भार असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. दोन्ही आजारांचे नकाशे एकावर एक ठेवा, तुम्हाला वेगळं काही सांगायची गरज पडणार नाही.

बरं, कवच म्हणजे नेमकं काय? याची उत्तरं अनेक आहेत, पण एक आपल्या विषयाला इतकं चिकटून आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. मलेरियाचा परजीवी लाल पेशीत शिरला की तो घरात बदल करायला घेतो. त्याला आपली चिकट प्रथिनं पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर न्यायची असतात, म्हणजे पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटून बसेल आणि प्लीहेत जाऊन नष्ट होणार नाही. पण लाल पेशीत वाहतुकीची सोय कुठे? मग हा काय करतो, पटलाखालच्या जाळीतल्या गाठी, ते ॲक्टिनचे तुकडे, चोरतो आणि त्यांचे लांब धागे वळून स्वतःसाठी रस्ते बांधतो. त्या रस्त्यांवरून माल पटलापर्यंत जातो आणि पटलावर उंचवटे उगवतात. २०११ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटाने हे गोठवलेल्या पेशींची त्रिमितीय चित्रं काढून दाखवलं. आणि हिमोग्लोबिन एस आणि सी असलेल्या पेशींत? रस्ते अर्धवट, तुटके. माल पोचत नाही, उंचवटे नीट उगवत नाहीत, पेशी कमी चिकटते.

बघा म्हणजे, एकाच पेशीत दोन प्रकारचे दोर. एक हिमोग्लोबिनचा, जो पटल आतून भोसकतो. दुसरा ॲक्टिनचा, जो परजीवी पटल बदलायला वळतो. आणि पहिल्याचं मूळ असलेला तो सहावा मणी दुसऱ्याची वीण बिघडवतो. हे वाचलं तेव्हा मी दहा मिनिटं नुसता बसून होतो.

गडचिरोलीकडे परत. जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. त्यानंतर काही वर्षांतच अभय आणि राणी बंग इथे आले, 'सर्च' ही संस्था उभी राहिली. त्यांनी सुरुवातीला हाती घेतलेल्या कामांत सिकलसेलचं संशोधन होतं. वैज्ञानिकदृष्ट्या महत्त्वाचंच. पण हा प्रश्न लोकांनी आपल्याकडे मांडलेला नव्हता, हे अभय बंग यांनी पुढे स्वतः सांगितलं आहे. मग त्यांनी लोकांना विचारून विषय ठरवायला सुरुवात केली: बायकांचे आजार, बाळांचे मृत्यू. सिकल मागे पडलं का? काही काळ, हो. मला यात दोन्ही बाजू पटतात. ज्या घरात बाळ न्यूमोनियाने जातंय त्या घराला जनुकाचं काय सांगणार? पण ज्या घरात पोरगं रात्रभर मांड्या धरून रडतंय, त्या घराने मागणी तरी कोणत्या शब्दांत करायची? आजाराला नाव मिळाल्याशिवाय तो गाऱ्हाण्यात येत नाही.

औषधाची गोष्टही दोराशीच जोडलेली आहे. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं की सिकल असलेल्या नवजात बाळांच्या पेशी फारशा वाकत नाहीत. कारण बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, आणि ते या दोरात गुंफलं जात नाही. दोर वळताना मध्येच निसरडा धागा यावा तसं. सहा महिन्यांनी ते ओसरतं, तेव्हा लक्षणं सुरू होतात. मग मोठ्या माणसात ते पुन्हा वाढवता आलं तर? हायड्रॉक्सियुरिया नावाची, मूळची कर्करोगातली गोळी हेच करते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले, १९९८ मध्ये तिथे मान्यता मिळाली. आपल्याकडच्या जनुकाबरोबर गर्भातलं हिमोग्लोबिन मुळातच थोडं जास्त असतं, म्हणून भारतातला सिकल सौम्य असतो असं बरीच वर्षं म्हटलं गेलं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या दीप्ती जैन यांच्या गटाच्या कामाने दाखवलं की विदर्भातली मुलं काही इतकी नशीबवान नाहीत, आणि हेही दाखवलं की कमी मात्रेतल्या हायड्रॉक्सियुरियानेही त्यांना चांगला फरक पडतो. गोळी तोंडाने घ्यायची, महाग नाही. प्रश्न आहे तो दर महिन्याला ती भामरागडच्या पुढे पोचण्याचा.

थेट दोरावरच घाव घालणारं औषधही येऊन गेलं. व्हॉक्सेलोटर. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन घट्ट धरून ठेवायला लावायचं, म्हणजे दोर वळणारच नाही. कागदावर सुंदर. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून कंपनीने जगभरातून मागे घेतलं. आता जनुकात फेरफार करून गर्भातलं हिमोग्लोबिन कायमचं चालू करणारा उपचार आहे, २०२३ च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत मान्यता मिळालेला. त्याची किंमत ऐकली तर चामोर्शीतलं अख्खं गाव विकूनही भागणार नाही.

आपल्या देशात १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं लक्ष्य आहे. 'निर्मूलन' या शब्दावर माझा थोडा आक्षेप आहे. जनुक कोट्यवधी वाहकांच्या रक्तात आहे, ते कुठे जाणार? फार तर आजारी मूल जन्माला येण्याचं प्रमाण खाली आणता येईल. चंद्रपुरात आयसीएमआरच्या मुंबईच्या रक्तविज्ञान संस्थेचं केंद्र आहे, खास हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, हे अनेक कुटुंबांना अजून माहीत नसतं, म्हणून सांगून ठेवतो.

गावातल्या शिबिरात होते ती पहिली तपासणी मात्र तुम्ही जमलं तर जवळून बघाच. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतात आणि छोट्या नळीतल्या द्रावात टाकतात. त्या द्रावात ऑक्सिजन खेचून घेणारं रसायन असतं, आणि पेशी फोडणारंही. पाच मिनिटं थांबायचं. मग नळीमागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर सिकल नाही. द्राव गढूळ होऊन रेघा पुसट झाल्या, तर त्या गढूळपणात आहेत हिमोग्लोबिनचे तेच दोर. नोएलच्या रक्तात आयर्न्सला दिसलेल्या विळ्यांच्या पोटातले. ही नळी आजारी आणि वाहक यांच्यात फरक करत नाही, त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे इटानोने केलेलं तेच, विजेच्या क्षेत्रात हिमोग्लोबिनची शर्यत.

त्यानंतर हातात कार्ड येतं. वाहक असाल तर तुम्ही आजारी नाही. वाहकाच्या पेशीत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन चांगलं असतं आणि दोर सहसा वळला जात नाही. शेती करा, पोलिस भरतीला पळा, मात्र उन्हातान्हात पाणी पीत राहा. हिशेब फक्त जोडीदाराच्या कार्डाशी जुळवायचा. दोघं वाहक असाल तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता मूल आजारी असण्याची. प्रत्येक वेळी नव्याने. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा अर्थ लोक काढतात, तो चुकीचा आहे. आणि दोघं वाहक असूनही लग्न करायचं असेल तर करा, गर्भाची तपासणी दिवस गेल्यावर सुरुवातीच्या महिन्यांतच होते, त्यासाठी वेळेत दवाखाना गाठा.

तुमच्यापैकी कुणी पूर्व विदर्भातलं असेल आणि अजून नळीत थेंब टाकला नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते, पैसे लागत नाहीत. पुढच्या भागात मार्कंड्याची देवळं घेऊ, तुम्हीच बरेच दिवस मागे लागला आहात. भेटू.